लाल शाईतलं तुझं वाक्य

दाजीबा, तुझं नाव लाल शाईत आहे आणि ती वही सकाळपासून माझ्या मांडीवर आहे. चार वेळा उघडली, चार वेळा मिटली. एकदा उठून खिडकीत ठेवली, तर वाऱ्यानं पानं फडफडायला लागली म्हणून पुन्हा घेऊन बसलो. तुला जाऊन आज नववा दिवस. गारगोटीला मामाच्या घरी तापानं गेलास, आणि मी तिथं पोचलो तेव्हा माणसं नदीवरून परत येत होती. तुझे मामा म्हणाले, "मास्तर, उशीर केलासा." बारा वर्षं तुला विंगेतून एकेक वाक्य पुरवणारा माणूस मी, आणि त्या वेळी मला स्वतःला एक वाक्य सुचलं नाही.

कंपनीच्या मालकांनी मला काम लावलंय. परवाच्या खेळाला पडदा उघडायच्या आधी तुझ्याबद्दल चार शब्द वाचायचेत, ते मी लिहायचे. "जन्म, गाव, भूमिका, सगळं व्यवस्थित येऊ द्या," म्हणाले. "आणि मास्तर, ‘हाय की अजून’चे जनक, हे पहिल्या ओळीतच घाला. तुमच्या वहीत पुरावा हाय की." आता हे शेवटचं ‘हाय की’ त्यांनी तुझ्या ढंगात म्हटलं का आपलं सहज तोंडातून गेलं, ते मला कळलं नाही, आणि तेवढ्यावरूनच माझं डोकं फिरलं. तू मेल्यावरही मला हेच करायला लावतोयस. कुणी ते दोन शब्द उच्चारले की मी कान टवकारून बसतो.

तुझं जन्मगाव मला ठाऊक नाही. तू तीन गावं सांगायचास, समोरचा माणूस कुठला आहे ते बघून. भूमिका सांगता येतील, त्या वहीत आहेत. पण ती पहिली ओळ माझ्या हातून उतरत नाही. लिहावी तर ते खरं नाही, हे या कोल्हापुरात माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. न लिहावी तर लोक म्हणतील, मास्तरानं भांडण मसणापर्यंत नेलं. आणि तेही काही खोटं म्हणता येणार नाही.

कंपनीतली ती रीत तुला सांगायला नको, पण मला ती पुन्हा एकदा कागदावर मांडून बघायचीय, कारण सगळी गोची तिथंच झाली. एखाद्या नटानं नाटकात नसलेलं पदरचं वाक्य टाकलं आणि प्रेक्षकांनी ते उचलून धरलं, की दुसऱ्या दिवशी मालक म्हणायचे, "मास्तर, चढवा." मी ते वाक्य वहीत लाल शाईनं चढवायचो आणि समासात त्या नटाचं नाव लिहायचो. तेव्हापासून वाक्य त्याचं. उद्या दुसरा कुणी त्या भूमिकेत उभा राहिला, तर त्यानं आधी त्या नटाकडं जायचं, पानसुपारी पुढं करायची आणि मग ते वाक्य म्हणायचं. बाहेरच्यांना हे हसण्यासारखं वाटेल. आमच्यातले दोन नट एका "अरेच्चा"वरून सहा महिने बोलत नव्हते.

तुझ्या नावावर माझ्या वहीत एकवीस वाक्यं आहेत. वीस तुझीच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. एकविसाव्यानं आपला घात केला.

तो खेळ मला आजही आठवतो, म्हणजे ऐकू येतो. तू शिलेदाराचा हुजऱ्या, खांद्याला झोळी. धन्याचं घोडं गेलं, तंबू गेला, तलवार गेली, आणि तो तुला विचारतो, "आता काय उरलं रे आपल्याजवळ?" नाटककारांनी तुझ्या तोंडी लांबलचक उत्तर दिलं होतं, अद्यापि निष्ठा उरली आहे वगैरे. तू अडकलास. मी पान उलटायला गेलो तर कंदिलाचं तेल सांडून दोन पानं एकमेकांना चिकटलेली. मी नखानं सोडवतोय, ती सुटत नाहीत, वर सगळं थिएटर गप्प. त्या घाईत माझ्या तोंडून जे निघालं ते मी तुझ्याकडं फेकलं: "हाय की अजून." तू ते म्हटलंस. आणि छप्पर उडेल असा हशा झाला.

ते शब्द माझ्या तोंडात कुठून आले, तर दुपारच्या जेवणातून. माझी थोरली बहीण, अक्का. नवरा गेल्यावर पेठेत दोन खोल्यांत खानावळ चालवणारी. आमचं घर मूळ निपाणीकडचं, म्हणून ती मला, धाकट्या भावाला, अजून कानडीत तम्मा म्हणते आणि भाकरीच्या टोपलीला बुट्टी. कंपनीतले निम्मे लोक तिच्याकडं जेवायचे. वाढता वाढता शेवटी बुट्टीपाशी बसून ती प्रत्येकाला म्हणायची, "घ्या की, हाय की अजून." रोज, दोन्ही वेळा. तूही ते माझ्याइतकंच ऐकलेलं होतंस. मी वहीत डोकं घालून जेवायचो, संध्याकाळच्या खेळाची पानं डाव्या हाताखाली धरून, आणि अक्काचा आवाज वरून यायचा, आणि पानात भाकरी पडायची. तू मात्र दोन भाकरी झाल्या की हात आखडायचास. "पुरे अक्का, गळा जड होतोय," म्हणायचास. नाव झालं तसे नटाचे नखरे सुरू झाले, असं मला वाटायचं. तू नको म्हटलेली ती भाकरी मी घ्यायचो.

दुसऱ्या दिवशी मालक म्हणाले, चढवा. आणि मी चढवलं. लाल शाईनं, माझ्या हातानं, समासात ‘दाजीबा’. ‘मास्तर’ असं कसं लिहिणार? विंगेत बसणाऱ्याचं काम ऐकू न येण्याचं. तो ऐकू आला तर त्याची नोकरी जाते. आणि ‘अक्का’ लिहावं हे तर माझ्या मनातही आलं नाही. खानावळवालीचं नाव नाटकाच्या वहीत कोण लिहितो?

मग ते वाक्य गावात गेलं. टांगेवाले म्हणायला लागले, मंडईत म्हणायला लागले, कुस्तीच्या मैदानात खाली सापडलेल्या गड्याला लोक वरून ओरडायला लागले. तुझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. दाजीबाचा दाजीराव झालास. एका सरदारांनी तुला शेला दिला, तर तो पांघरून ऐन वैशाखात तू खानावळीत जेवायला आलास आणि त्याचं टोक आमटीत बुडालं. रस्त्यानं जाताना कुठूनही ते शब्द कानावर आले, की तू थांबायचास, मान किंचित वळवायचास आणि कुणी नमस्कार करतंय का बघायचास. बहुतेक वेळा समोर एखादी बाई मुलाला दूध पाजायला बोलावत असायची. तुला ते पटायचं नाही.

गडमुडशिंगीचा तो गुऱ्हाळवाला तुला आठवतो? आपण खेळाची सुपारी घ्यायला गेलतो आणि वाटेत रस प्यायला थांबलो. म्हातारा काकवी वाढत होता. तुझ्या पानात पळी रिकामी करून म्हणाला, "घ्या पावणं, हाय की अजून." तू एकदम फुललास.

"नाटक बघितलंसा व्हय आमचं?" तू विचारलंस.

"कसलं नाटक?"

"मग ह्ये कुठं ऐकलंसा?"

"ऐकायचं काय त्यात? काकवी हाय म्हणून हाय म्हटलं. न्हाई घ्यायची तर ऱ्हाऊ द्या की."

मला हसू आवरेना. परतीच्या वाटेवर बैलगाडीत तू पाठ फिरवून बसलास. मला वाटलं, चला, गडी जमिनीवर आला. पंचगंगेचं पाणी दिसायला लागल्यावर तू म्हणालास, "म्हणजे बघा मास्तर, ज्यांनी नाटक बघितलं न्हाई त्यांच्यापतूर पोचलं." आत्ताही हे लिहिताना हसतोय आणि डोळे पुसतोय, आणि दोन्हीचा मला राग येतोय.

राग कसला, तर ऐक. एवढ्या वर्षांत तू एकदाही कुणापुढं म्हणाला नाहीस की हे मी अमक्याकडून घेतलं. अमक्याकडून म्हणजे अक्काकडून, असं मी तुला नेहमी सांगायचो. आज खरं सांगतो. अक्काचं नाव मी पुढं करायचो, पण मला हवं होतं माझं. तू एकदा, फक्त एकदा, मालकांपुढं म्हणावंस की त्या खेळात मी अडकलो होतो आणि मास्तरानं मला तारलं. बस्स. मोठेपणा तुझ्या एकट्याच्याच अंगात आला होता असं नाही. तुझा दिसायचा, माझा विंगेत बसून कुढायचा.

आणि हशा. तो हशा मला फार छळायचा. विंगेतून मला तो ऐकू यायचा आणि मी मनात म्हणायचो, काय ही माणसं, शब्द पुरा व्हायच्या आधीच हसतात. खरंच, तू तोंड उघडायच्या आधी हशा सुरू व्हायचा. तोही आधी बायकांच्या बाजूनं, मग पुरुषांत पसरायचा. मी समजलो, ही नावाची कमाई. नाव झालेल्या माणसानं तोंड उघडायचीही गरज नसते. मान वर करून रंगमंचाकडं बघावं असं मला कधी वाटलं नाही. मालकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मास्तर, तुमचे डोळे वहीत. बोर्डाकडं बघितलंत की ओळ सुटली." मी ते बारा वर्षं पाळलं.

मग खेळाची पत्रकं छापून आली. ‘हाय की अजूनचे जनक, श्रीयुत दाजीराव.’ तू एक पत्रक घेऊन खानावळीत आलास आणि अक्काला दाखवलंस. तुलाही ते वाचता येत नव्हतं आणि तिलाही नाही, म्हणून मीच वाचून दाखवलं, दातओठ खात. अक्का म्हणाली, "जनक व्हय? मग जननी कोण रं?" सगळी पंगत हसली. तू म्हणालास, "वाढा की अक्का." एवढंच. मी पुन्हा वहीत मान घातली.

दुसऱ्या दिवशी तालमीला मी तोंड उघडलं. सगळे होते. मालक, पेटीवाले, बाईचं काम करणारे दोघे.

"ते वाक्य अक्काचं आहे," मी म्हणालो.

"अक्का कवा बोर्डावर आलती?" तू म्हणालास. "बोललं कोण? मी. टाळी कुणाला पडली? मला."

"तुझ्या तोंडात घातलं कुणी?"

"घातलं असशीला. पण तुमच्या तोंडात त्ये नुसतं शब्द हुतं, मास्तर. कागद वाचल्यागत."

आज कळतं, यात तू खोटं काही बोलला नव्हतास. पण तेव्हा मी उठलो आणि म्हणालो, "मी ओठ मिटले तर तुला स्वतःचं नाव वाचता यायचं नाही. हे बघ, समासात लिहिलंय. वाच." आणि वही तुझ्यापुढं धरली. रागाच्या भरात ती उलटी धरली गेली होती. तुला ते कळलं नाही. तू खाली वाकून अगदी मन लावून बघितलंस. बोटानं एक ओळही चाचपलीस. मागं कुणीतरी हसलं, मग दुसरं कुणी हसलं, आणि तू मान वर केलीस. ते तोंड मी बघितलं. बारा वर्षांत तुझ्याकडं नीट बघितलं असेल तर ते त्या वेळी.

त्यानंतर आपण बोललो नाही. भूमिका वाचून घ्यायला तू दुसऱ्याकडं बसायला लागलास. खानावळीत मी उठून गेल्यावर यायचास. खेळात मी वाक्य सांगायचो, तू घ्यायचास, तेवढाच आपला संबंध. दोन महिने असे गेले. मी रोज ठरवायचो, उद्या म्हणतो, दाजीबा, चुकलं माझं. तीन शब्द. इतरांना हजारो वाक्यं पुरवणाऱ्याला हे तीन शब्द काही जमले नाहीत.

मग तू रजा घेऊन गारगोटीला गेलास आणि बाजाराला आलेल्या एका माणसाबरोबर निरोप आला. "दाजीबा आजारी हाय. मास्तरला म्हणावं, वही घेऊन या. आणि लाल शाईची दौत बी आणा." मी काय समजलो माहीत आहे? मला वाटलं, पडल्या पडल्या आणखी एखादं वाक्य सुचलंय आणि ते नावावर चढवायचंय. मी त्या माणसाला म्हणालो, बुधवारी येईन म्हणावं. काही काम नव्हतं मला. थोडं ताटकळू दे, एवढाच हिशेब. तू मंगळवारी गेलास. मी बुधवारी आलो तेव्हा वही काखेत होती आणि दौत खिशात. ती वाटेत पाझरली आणि सदऱ्याला जो डाग पडला तो अजून तसाच आहे. अक्का म्हणते, धुवून देते. मी देत नाही.

काय चढवायचं होतं तुला? नऊ दिवस मी हेच विचारतोय. जेवताना, रंकाळ्यावर फेऱ्या मारताना, मालकांचं बोलणं ऐकल्यासारखं करताना. तुझ्या मामांना विचारलं, त्यांना काही ठाऊक नाही. कुणालाच ठाऊक नाही आणि आता कधी होणारही नाही.

आज दुपारी शेवटी ठरवलं. तुझं नाव खोडायचं आणि अक्काचं लिहायचं. माझं नको, तेवढी लाज शिल्लक आहे. निदान खरं ते वहीत राहील, आणि मालकांना सांगता येईल की पुरावा तसा नाही. पंगत उठून गेली होती. मी वही आणि दौत घेऊन अक्कापुढं बसलो.

"अक्का, तुझं नाव चढवतोय," मी म्हणालो. "दाजीबाचं खोडून."

"त्याचं का खोडतोस?"

"वाक्य तुझं. त्यानं चोरलं."

"बोलण्याची बी चोरी असतीय व्हय?" तिनं परात पुसत विचारलं. "माझी सासू म्हणायची. तिची सासू म्हणत असंल. वाढणारी परतेक बाई म्हणतीय त्ये. आणि त्यानं चोरलं कुठं? हात माझाच करायचा की त्यो."

"कसला हात?"

अक्का पुसायची थांबली. "तम्मा, बारा वर्सं तिथंच बसलास आणि बघितला न्हाईस?"

मग तिनं मला करून दाखवलं, दाजीबा. तुझं काम, तुझी भूमिका, खानावळीच्या फरशीवर बसून. धनी विचारतो, आता काय उरलं? तू आधी काही बोलत नाहीस. खांद्याची झोळी पुढं ओढतोस आणि डावा पंजा तिच्यावर सपाट ठेवतोस, बोटं पसरून, कुणाला आत दिसू नये असा. मान दुसरीकडं. जणू हात तिथं आपला उगाच पडलाय. आणि मग म्हणतोस.

"पयल्याच खेळाला पेठेतल्या बायकांनी वळखलं," अक्का म्हणाली. "सकाळी पाण्याला आल्या तवा मला म्हणत्यात, अक्का, काल बोर्डावर गेलतीस की. मग मी बी जाऊन बघून आले. हुबेहूब रं. माझी मान बी अशी वाकडी हुतीय ते मला त्यानं दावलं."

पहिल्याच खेळाला. म्हणजे मी पानं सोडवत होतो तेव्हाच. ते शब्द कानावर पडताक्षणी तू ओळखलंस ते कुणाचे आहेत, आणि तिथल्या तिथं तिचा हात करून सगळ्या थिएटरला सांगितलंस. शेकडो खेळ तू ते सांगत होतास. माणसं हसत होती ती त्या हाताला. शब्द मागून यायचे. सगळ्या कोल्हापुरानं बघितलं, फक्त मी नाही, कारण माझे डोळे वहीत होते आणि वहीत हात नव्हता.

"मग पत्रकावर जनक छापलं तेव्हा तू गप्प का बसलीस?" मी विचारलं. मला अजून भांडायचं होतं, कुणाशी ते कळत नव्हतं.

"गप कुठं बसले? जननी कोण म्हणून इचारलं की. कानापतूर लाल झाला त्यो. माझ्या पाया पडायला वाकला, मी म्हटलं, ऊठ, आमटी सांडंल. तू वहीत बघत हुतास."

मी वहीत बघत होतो.

तुझा गर्व काही खोटा होता असं मी म्हणणार नाही. पत्रकं तू छापून घेतलीस, हे वाक्य माझं म्हणून टांगेवाल्यांना दमात घेतलंस, सरदारांपुढं छाती काढलीस. मेलास म्हणून ते मी धुऊन टाकणार नाही, तुलाही ते आवडलं नसतं. तोंडानं तू सगळं आपलंच म्हणायचास. पण हातानं खरं सांगायचास, आणि मी तर तुझं तोंडच तेवढं ऐकायचो.

"पण अक्का," मी म्हणालो, "तू हात का ठेवतेस बुट्टीवर?"

ती हसली आणि उठून गेली. ती ताट घेऊन आली, माझ्यापुढं ठेवलं, दोन भाकरी वाढल्या आणि बुट्टी पुढ्यात घेऊन बसली. मग सहज सांगावं तसं म्हणाली, "दाजीबाला कवाच ठावं हुतं. उपाशी वाढलेलं पोर त्ये. बुट्टी सरकवली की आवाजावरनं कळायचं त्याला, आत काय हाय ते. म्हणून तर तिसरी कवा घेतली न्हाई त्यानं."

मी जेवलो. काय जेवलो ते सांगता येणार नाही. मग दौत उघडली. तुझं नाव खोडलं नाही. समासात आहे तिथंच आहे, राहील. आपलं वाक्यही तसंच आहे. त्याच्या आधी, नाटककार जिथं कंसात नटाच्या हालचाली लिहितात तिथं, मी लाल शाईनं चढवलं: (डावा हात झोळीवर, पंजा पसरून, मान उजवीकडं. हा हात अक्काचा.) तुला हेच हवं होतं का, ते मला माहीत नाही. ही भूमिका पुढं जो करेल त्यानं दोन ठिकाणी पानसुपारी द्यायची, हे मी मालकांना सांगणार आहे. परवा वाचायचे चार शब्दही हेच. जनक वगैरे नाही. दाजीबा, चुकलं माझं, हे तीन शब्द मात्र तिथं वाचणार नाही, ते इथंच तुला सांगतोय.

शाई वाळायला वही उघडी बाजूला ठेवली. जेवताना वही हाताखाली नाही, असं बहुतेक पहिल्यांदाच झालं असेल. अक्का म्हणाली, "घे की तम्मा, हाय की अजून." मी मान वर करून बघितलं. डावा पंजा बुट्टीच्या झाकणावर सपाट, बोटं पसरलेली, मान दाराकडं. दाजीबा, तिथं तूच बसला होतास.

"पुरे अक्का," मी म्हणालो. "गळा जड होतोय."

तिनं वळून माझ्याकडं बघितलं. मग झाकणावरचा हात काढला. आत एकच भाकरी होती. ती तिनं आपल्या ताटात घेतली.